आईचं एक्स्चेंज

माझा धाकटा भाऊ गेली काही वर्षं जेवणाच्या टेबलावर एक कॉम्प्युटर बांधत होता. बाजारात हवे तितके कॉम्प्युटर मिळत असताना हा गृहस्थ बांधत होता तो आमच्या लहानपणचा. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून चालवायचा, आणि हल्लीच्या मनगटी घड्याळापुढेही अडाणी ठरेल असा. वहिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, टेबलाच्या मधोमध चिकटपट्टी लावून हद्द आखून दिली होती. अलीकडे ताटं, पलीकडे तारा. हद्द ओलांडून आलेला स्क्रू थेट केराच्या डब्यात जाई.

बाबा त्याला खुडबुड्या म्हणायचे आणि ते नाव त्याला जन्माचं चिकटलं. मी त्याची ताई. मी व्हायोलिन शिकवते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचं बेसूर ऐकून घेणं हाच माझा धंदा. घरच्यांसाठी माझ्याकडे सहनशक्ती फारशी उरत नाही. रविवारी त्याच्याकडे गेले की मी आधी त्याच्यावर मनसोक्त तोंडसुख घ्यायची आणि मग खुर्ची ओढून त्याचं काम बघत बसायची. ते होतंच तसं बघण्यासारखं.

तळहाताएवढा एक बोर्ड आणि त्यावर एक काळी चिप. त्या चिपमध्ये मुळात काहीच ठरलेलं नसतं. आत कुठली तार कुठे जावी हे तुम्ही लिहून द्यायचं, की ती चिप तशी होऊन बसते. आज एक कॉम्प्युटर, उद्या दुसरा. मी एकदा म्हटलं, "म्हणजे नक्कल." तर त्याचा चेहरा पडला.

"नक्कल नव्हे, ताई. मी बाबांसारखं खोकून दाखवलं तर ती नक्कल. इथे मी बाबांची छाती बांधतोय. खोकला आपला आपण येणार."

आणि खरोखरच येत होता. त्याने कारखान्याचे जुने नकाशे कुठून कुठून मिळवले आणि त्यांच्याबरहुकूम एकेक तार घातली. मूळ यंत्रात लाल रंग शेजारच्या चौकोनात थोडा सांडायचा, तर याच्याही सांडला. मूळ यंत्र पडद्याचा वरचा भाग रंगवताना किंचित अडखळायचं, कारण चित्र आणि हिशेब एकाच वेळी एकाच मेमरीवर हात टाकायचे. ते अडखळणं हुबेहूब साधेपर्यंत त्याने सगळा हिवाळा घालवला. ज्या दिवशी ते साधलं त्या दिवशी त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला चेष्टा सुचली नाही. माणसं एखादी चूक दुरुस्त करायला जिवाचं रान करतात हे मी पाहिलं होतं. चूक जशीच्या तशी परत आणण्यासाठी एवढा जीव टाकणारा मी हा एकच पाहिला, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

अर्थात हे सगळं मुक्याने चाललं होतं. पिपाणीसारखे आवाज घरात खपवून घेणार नाही, असं वहिनीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, त्यामुळे त्या यंत्राचा स्पीकर कायम बंद असे.

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण हा सगळा खटाटोप मुळात तिच्यासाठी होता.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत, हातात वायरी. कोणाला कोणाशी जोडायचं हे ती झोपेतही सांगू शकली असती. बाबांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी घरी कॉम्प्युटर आणला तो आम्हा मुलांसाठी, पण त्याच्यासमोर बसली आई. आल्या आल्या थोड्याच दिवसांत तो बंद पडला. बाबांनी तो दुकानात नेला, उघडला आणि चालू करून आणला. त्यानंतर विकतच्या कॅसेट काही त्यावर चालेनात. कॅसेट लावा, किरकिर ऐका, शेवटी पडद्यावर चूक आल्याची ओळ. बाजारात मिळतात त्या कॅसेट म्हणजे शुद्ध लबाडी, असं बाबांचं मत पडलं. आई म्हणाली, मग आपणच करू. तिने सोबत आलेलं पुस्तक पाठ केलं आणि एक खेळ लिहिला.

खेळ तिच्या कामाचाच होता. पडद्यावर एक्स्चेंजची भिंत. दिवे लागतात, तुम्ही जोडून द्यायचं. उशीर झाला की फोन करणाऱ्याचा चेहरा लाल होत जातो आणि शेवटी तो फोन आपटतो. प्रत्येक चेहरा आईने चौकटीच्या कागदावर टिंब टिंब काळं करून काढला होता. टकला साहेब पटकन चिडायचा. अंबाडा घातलेल्या बाई आधी गोड असायच्या आणि मग एकदम भडकायच्या. आणि एक दिवा होता अँटेनाचा. तो बाबांच्या दुकानाचा. त्याला कितीही ताटकळत ठेवा, तो चिडायचाच नाही. पिवळा तो पिवळाच. जास्त गुण मिळवायची युक्ती आम्हा दोघांना तोंडपाठ होती: दुकान थांबू दे, आधी बाकीच्यांना उरक.

त्या काळात गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात लोकांनी केलेले खेळ घेत आणि विकायला ठेवत. आई कॅसेट घेऊन गेली. मीही बरोबर होते. दुकानदाराने ती सगळ्यांसमोर लावली आणि चूक आल्याची ओळ आली. परत लावली, परत तीच ओळ. तो म्हणाला, "बाई, रिकामी कॅसेट आणलीत की काय?" आणि काउंटरवर रेललेली मंडळी हसली. आईने घरी येऊन तीच कॅसेट लावली, तर खेळ सुरळीत चालू. तिने नव्या कॅसेटवर पुन्हा उतरवला आणि पुन्हा गेली. या वेळी दुकानदार हसला नाही. अगदी मऊ आवाजात म्हणाला, "असू दे, घरच्या घरी खेळायला छान आहे." ते आईला जास्त लागलं. बाबा दुकानदाराशी भांडून आले, पण आईने पुन्हा एकही ओळ लिहिली नाही. आपल्याच हातून कुठेतरी, कशात तरी चूक झाली आहे आणि ती आपल्याला दिसत नाही, हे तिने मनाशी धरलं ते कायमचं. पुढे घर बदलताना यंत्र गेलं. मग बाबाही गेले. कॅसेट मात्र आईच्या कपाटात, दोऱ्याच्या रिळांच्या डब्यात राहिली.

खुडबुड्याचं यंत्र तयार झालं तेव्हा त्याने ती मागितली.

"दोनदा झालंय," आई म्हणाली. "तिसऱ्यांदा नको."

"आई, आपल्याच घरातलं मशीन आहे असं समज. तार न् तार तीच आहे."

ती बऱ्याच दिवसांनी कबूल झाली, पण कॅसेट आधी हातात द्यायला तयार होईना. एकुलती एक आहे, मीच घेऊन येईन, म्हणाली.

भाऊ ज्या मंडळात जातो तिथे सगळे असेच जुन्या यंत्रांनी झपाटलेले लोक आहेत. त्यांचं प्रदर्शन ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरलं होतं. मंडळाचे प्रमुख एक दातांचे डॉक्टर. भावाच्या यंत्रापुढे ते लहान मुलासारखे उकिडवे बसले आणि लाल रंग सांडताना पाहून म्हणाले, "अरे, हे तर कारखान्यातून आजच आल्यासारखं आहे." भावाने तशी पाटीच लावली होती: मूळ नकाशांशी तंतोतंत. लोकांनी आपापल्या कॅसेट आणल्या होत्या आणि त्या एकामागून एक चालत होत्या. आई ठेवणीतली साडी नेसून आली होती. तिने पर्समधून कॅसेट काढून दिली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली.

चूक आल्याची ओळ आली.

भावाने प्लेअरचं हेड साफ करून पुन्हा लावली. आवाज कमीजास्त केला. दुसरा प्लेअर आणला. प्रत्येक वेळी तीच ओळ. हॉलमधल्या गलबल्यात कुठलाच आवाज धड ऐकू येत नव्हता, आणि मला आईकडे बघवत नव्हतं. डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले, "कॅसेट जुनी आहे, काकू. होतं असं." माणूस चांगला होता, त्याला काय माहीत की हा मऊ आवाज तिने आधी एकदा ऐकलाय.

परत येताना गाडीत आईने कॅसेट भावाच्या मांडीवर ठेवली. "ठेव तुझ्याकडेच. मला आता काय करायचीय." जी कॅसेट ती हातची सोडत नव्हती ती तिने अशी दिली, याचं मला रडू आलं आणि रागही आला. राग मी भावावर काढला, कारण तो जवळ होता.

त्यानंतर खुडबुड्याने जेवणखाण सोडल्यातच जमा होतं. आईचा खेळ खरा आहे हे त्याला तिच्यासमोर सिद्ध करायचं होतं, बाकी जग गेलं खड्ड्यात. कॅसेट चांगली होती, आवाज स्वच्छ होता. मग दोष आपल्या बांधणीत, असं धरून त्याने पुन्हा पहिल्या तारेपासून तपासायला सुरुवात केली. वहिनी त्याच्या तोंडासमोर घास धरायची. आणि एके दिवशी तिने स्वतः चिकटपट्टी उखडून टाकली आणि म्हणाली, "स्पीकर चालू करायचा असेल तर करा. पण आईंची कॅसेट चालली पाहिजे."

पुढच्या रविवारी दुपारी शिकवणी आटोपून मी व्हायोलिनसकट त्याच्याकडे गेले. मी चपला काढत होते, आणि आत त्याने यंत्र सुरू केलं. सुरू होताना ते एक लांब सूर काढतं. 'टूंऽऽ'.

"हा चढा आहे," मी दारातूनच म्हटलं.

"काय?"

"सूर चढा आहे. आपल्या घरचा हा नव्हता."

तो दुखावलाच. "ताई, नकाशाप्रमाणे आहे. केसाचाही फरक नाही."

मला नकाशे कळत नाहीत, पण हे मला पक्कं माहीत होतं. यंत्राच्या पुस्तकात लिहिलं होतं की सुरुवातीचा तो सूर संगीतातल्या प्रमाण सुराशी जुळवलेला आहे. म्हणून लहानपणी मी क्लासला निघण्यापूर्वी कॉम्प्युटर सुरू करायची आणि त्याच्या सुरावर माझी तार लावायची. आणि रोज क्लासच्या बाई कपाळाला हात लावायच्या. "घरून निघताना काय खुंट्या सैल करून आणतेस? रोज उतरलेलं कसं असतं गं तुझं वाद्य?" त्यांनी कितीदा तरी ते जवळजवळ अर्धा सूर वर चढवून दिलं असेल. मला वाटायचं, रस्त्यातल्या गारठ्याने उतरत असेल.

हे मी भावाला सांगितलं आणि तो हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच धरून बसला.

"तो सूर हिशेबाच्या वेगावर ठरतो," तो हळूहळू म्हणाला. "सूर उतरलेला म्हणजे आपलं मशीन सावकाश चालत होतं. सगळंच. कॅसेटवर लिहिणंसुद्धा."

"म्हणजे?"

"म्हणजे आईच्या कॅसेटवरचं बोलणं त्या एका मशीनच्या चालीतलं आहे. दुसऱ्या कुठल्याही मशीनला ती नुसती बडबड वाटणार." मग तो थांबला. "आणि दुसऱ्यांच्या कॅसेट आपल्या मशीनला."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. तेव्हा आमचं यंत्र बंद पडलं होतं. बाबांनी ते उघडलं होतं. या यंत्रात ठेका धरायला एक क्रिस्टल असतो, चित्रासाठी वेगळा आणि हिशेबासाठी वेगळा. हिशेबाचा तुटला असणार. तसाच मिळाला नसणार, म्हणून बाबांनी दुकानातल्या कुठल्यातरी मेलेल्या टीव्हीतला त्यातल्या त्यात जवळचा काढून बसवला. पडद्यावर काही बिघडलेलं दिसत नव्हतं, यंत्र चालू झालं होतं, आई खूश होती. बाबांनी पुन्हा कशाला बघितलं असतं? आणि खुडबुड्याने इतकी वर्षं घालवून यंत्र बांधलं ते कारखान्याचं. आमच्या घरातलं नव्हे.

"एक सोपा उपाय आहे," तो म्हणाला. "कॅसेटचा आवाज थोडा घाईत वाजवायचा. मशीनला हात न लावता आत्ताच्या आत्ता चालेल."

"मग वाजव की."

तो उठला नाही. "मग खेळ कारखान्याच्या वेगाने चालेल. माणसं लवकर चिडतील. आईने शेजारी घड्याळ ठेवून एकेकाचं चिडणं बसवलं होतं, आठवतं?"

मला आठवत होतं. आणि त्याच्यासाठी हे किती अवघड होतं तेही मला कळत होतं. ज्या तंतोतंतपणासाठी त्याने केस पिकवले त्यात त्याला आता स्वतःच्या हाताने चूक घालायची होती. त्याने डोळे चोळले आणि म्हणाला, "काढ तुझं व्हायोलिन."

मी खुंटी सैल केली. बाईंनी अर्धा सूर चढवण्याआधी माझी तार जिथे असायची, तिथवर. कानाला आठवत होतंच, पण बोटांनाही ती ढिली तार ओळखीची वाटली. मी ती वाजवत राहिले आणि भाऊ यंत्राचा ठेका थोडा थोडा कमी करत गेला. "अजून खाली. अजून. जरा वर. हां." यंत्र पुन्हा 'टूंऽऽ' म्हणालं आणि मला आमच्या जुन्या घराची बैठकीची खोली दिसली, खिडकीवरच्या रेडिओच्या सांगाड्यासकट. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती, तिने पिपाणीबद्दल चकार शब्द काढला नाही.

कॅसेट लावली. किरकिर थांबली आणि चूक आल्याची ओळ आली नाही. खेळाचं नाव यायच्या आत भावाने हात घालून सगळं बंद केलं.

"पहिल्यांदा आई बघेल," तो म्हणाला.

आई यायला तयार नव्हती. मी तिच्या घरी गेले तेव्हा ती मटार सोलत होती. आडवळण न घेता मी सगळं सांगितलं. क्रिस्टल, बाबा, माझी उतरलेली तार. तिचे हात थांबले.

"म्हणजे त्या दुकानात ती चाललीच नसती?"

"कधीच नाही."

"आणि मी लिहिलं त्यात चूक नव्हती."

"एका टिंबाची नव्हती, आई."

तिला बाबांचा राग येईल अशी मला भीती होती. आला असता तर मी तिला बोल लावला नसता. पण ती म्हणाली, "मीच मागे लागले होते त्यांच्या. काहीही घाला पण चालू करून द्या म्हणून." आणि मग तिला हसू फुटलं. "तुला माहितीय, त्या दुकानदाराला काय सुनावून आले होते ते? माझ्या बायकोची कॅसेट वाचायची तुमच्या यंत्राची लायकी नाही म्हणाले. आणि सगळा पराक्रम यांचाच." हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. मग सोलायचे मटार तसेच टाकून तिने चपला शोधल्या.

भावाच्या टेबलावर आता यंत्र मधोमध होतं. कारखान्याशी तंतोतंत असल्याची पाटी त्याने काढून टाकली होती. आईने स्वतः कॅसेट लावली. किरकिर झाली, थांबली, आणि पडद्यावर ती भिंत उभी राहिली. आईने हात तोंडावर नेला. भिंतीवरचे सगळे चेहरे होते, टकला साहेब, अंबाड्याच्या बाई, एकही टिंब हललेलं नव्हतं.

"कसलं सुंदर केलंय तुम्ही, आई," वहिनी म्हणाली, आणि ती उगाच कौतुक करणाऱ्यांतली नाही. भाऊ स्वतःच्या यंत्राकडे बघतच नव्हता, आईच्या बोटांकडे बघत होता.

बोटं अजून तयार होती. दिवा लागला की जोडून मोकळी. साहेबाला तिने लाल होऊच दिलं नाही. मग भिंतीवर बरेच दिवे एकदम लागले. बाई लाल होत होत्या, साहेब पुन्हा आला होता, आणि कोपऱ्यात अँटेनाचा दिवा लागला. पिवळा.

आईने आधी दुकान जोडलं.

बाईंनी फोन आपटला. साहेबाने आपटला. गुण भराभर उतरले.

"आई, दुकानाला थांबवायचं असतं," खुडबुड्या म्हणाला. "विसरलीस का? ते चिडत नाहीत."

"माहितीय," आई म्हणाली. "मीच केलंय तसं." आणि अँटेनाचा दिवा पुन्हा लागला तेव्हा तिने पुन्हा तोच आधी जोडला. अशी ती खेळत राहिली आणि थोड्याच वेळात हरली.